'लस झालीय का?' : अँटिबॉडी कॉकटेलच्या रांगेतला एक प्रश्न

कोविडवर अँटिबॉडीचं (विषाणूला रोखणाऱ्या, बाहेर तयार केलेल्या प्रथिनांचं) औषध घेणाऱ्यांपैकी लस घेतलेले किती आणि न घेतलेले किती, यावरून २०२१ च्या उत्तरार्धात अमेरिकेत बरीच हमरीतुमरी झाली. एक बाजू म्हणत होती, फुकटची लस नाकारणारेच आता सरकारी पैशाने महागडं औषध घेतायत. दुसरी म्हणत होती, लस घेतलेल्यांनाही शेवटी हेच औषध लागतंय ना, मग लसीचं कौतुक कशाला? आकडा एकच, अर्थ दोन. दोन्ही अर्थ घाईचे होते. रुग्णाच्या फॉर्मवर 'लस झाली आहे का?' हा रकाना होता खरा, पण तो कशासाठी विचारायचा याचं कारण दीड वर्षात तीन-चार वेळा बदललं.

लस आणि तयार अँटिबॉडी ही जोडी जुनीच आहे. लस शरीराला अँटिबॉडी बनवायला लावते, त्याला काही आठवडे लागतात. दुसऱ्या उपायात त्या बाहेर तयार करून थेट टोचतात. परिणाम लगेच, पण काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत ओसरणारा. एमिल फॉन बेरिंग आणि किटासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये घटसर्प आणि धनुर्वातावर हे तत्त्व दाखवलं. मुंबईने तर दोन्ही उपाय एकाच साथीत पाहिले. प्लेगच्या साथीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतः बनवलेली लस स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षी प्लेगचा जंतू शोधणारे येर्सां आपला सीरम, म्हणजे तयार अँटिबॉडी असलेला रक्तातला द्रव, घेऊन मुंबईत आले. सीरमचा अनुभव निराशाजनक ठरला, लस मात्र पुढे लाखोंना दिली गेली.

आज कुत्रा चावल्यावर सरकारी दवाखान्यात गेलात तर हीच जोडी भेटते. चाव्याने रक्त आलं असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, आणि दंडात लस. त्याआधी डॉक्टर विचारतात, 'रेबीजची लस पूर्वी पूर्ण झालीय का?' झाली असेल तर अँटिबॉडी देत नाहीत, लसीचे दोन डोस पुरतात. तिथे या प्रश्नाचं काम स्वच्छ आहे: शरीराला लढाई आठवत असेल तर उसनं सैन्य नको. कोविडमध्ये हाच प्रश्न आला, पण इतका स्वच्छ कधीच राहिला नाही.

सुरुवातीला तर तो विचारायचा सवालच नव्हता. २ ऑक्टोबर २०२० रोजी डोनाल्ड ट्रम्प यांना रिजेनेरॉन कंपनीच्या दोन अँटिबॉडींचं मिश्रण, म्हणजेच 'कॉकटेल', ८ ग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत दिलं गेलं, तेव्हा बाजारात लसच नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषध नियामक संस्थेने, आधी एली लिली कंपनीच्या बामलानिविमॅब या अँटिबॉडीला आणि मग रिजेनेरॉनच्या कॅसिरिविमॅब-इमडेविमॅब जोडीला तातडीच्या वापराची परवानगी दिली. अमेरिकेत पहिल्या लसीला परवानगी मिळाली डिसेंबरात. ज्या चाचणीवरून 'रुग्णालयात भरती होण्याचा किंवा दगावण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटतो' हे वाक्य जगभर गेलं, तिच्यातले रुग्ण लस न घेतलेले होते. म्हणजे औषधाचा भक्कम पुरावा होता तो लस न घेतलेल्यांपुरता. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

जून २०२१ मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने आणखी एक गोष्ट पुढे आणली. रुग्णालयात दाखल झालेल्या हजारो रुग्णांच्या रक्तात स्वतःच्या अँटिबॉडी आहेत की नाहीत, हे आधी तपासलं गेलं. ज्यांच्या रक्तात त्या नव्हत्या, त्यांच्यात २८ दिवसांतला मृत्युदर ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आला. ज्यांच्या रक्तात त्या आधीच होत्या, त्यांना औषधाचा फायदा दिसला नाही. खरा प्रश्न अँटिबॉडी आहेत की नाहीत हा होता. लस झाली की नाही, हा त्या प्रश्नाचा स्वस्त पर्याय, कारण लसीचं विचारायला तपासणी लागत नाही. पण लस न घेताही कोविड होऊन गेलेला माणूस अँटिबॉडी बाळगून असू शकतो, आणि दोन्ही डोस घेऊनही एखाद्याच्या रक्तात त्या नसू शकतात.

ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये हे औषध वापरात आणलं तेव्हा दाखल रुग्णांसाठी याच कारणाने रक्ततपासणीची अट ठेवली. अमेरिका वेगळ्या वाटेने गेली, आणि तिला कारणंही होती. तिथे औषध मुख्यतः घरी असलेल्या, लक्षणं दिसून दहा दिवसांच्या आतल्या रुग्णांना द्यायचं होतं. तपासणीच्या निकालाची वाट पाहण्यात वेळ दवडणं परवडणारं नव्हतं.

भारतात हे कॉकटेल रोश आणि सिप्ला यांनी २४ मे २०२१ रोजी आणलं. त्याच्या आठवडाभर आधी, १७ मेला, प्लाझ्मा उपचार (बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला द्रव आजाऱ्याला देणं) राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधून वगळला गेला होता. ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवरच्या आयसीएमआरच्या चाचणीत प्लाझ्माचा उपयोग नाही हे आदल्या वर्षीच दिसलं होतं, तरी दुसऱ्या लाटेत लोक प्लाझ्मासाठी व्हॉट्सअॅप ग्रुप पालथे घालत होते. कॉकटेलची किंमत एका रुग्णाला ५९,७५० रुपये. एका पॅकमध्ये दोन रुग्णांचं औषध होतं, आणि व्हायल उघडली की उरलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवून ४८ तासांत वापरायचं. म्हणजे पहिल्या रुग्णाला सुई लावताना दुसरा रुग्ण कोण, हेही बघून ठेवणं आलं. मुंबई महापालिकेने सेव्हनहिल्स रुग्णालयात हे औषध वापरलं, पण एकंदरीत ही खासगी रुग्णालयांची आणि ऐपतीची गोष्ट राहिली.

लस झाली की नाही, ही अट आपल्याकडे निवडीत नव्हती. वय, वजन, मधुमेह, किडनी, ऑक्सिजनची गरज नसणं, हे निकष होते. आणि तेव्हा लसीकरणाची अवस्था काय होती ते आठवून पाहा. कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १३ मे रोजी १२ ते १६ आठवड्यांवर नेलं गेलं होतं. महाराष्ट्रात तर तुटवड्यामुळे १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरणच थांबवावं लागलं होतं. घराघरांत 'एक डोस झालाय' अशी माणसं होती. त्यांना कोणत्या रकान्यात टाकायचं? दुसऱ्या डोसची वाट पाहणारा साठीतला मधुमेही लस नाकारणारा नसतो, पण 'लसीकरण अपूर्ण' या खान्यात दोघेही एकाच रांगेत बसतात. निदान आपल्याकडे कोविनवरून डोसच्या तारखा तरी कळत. अमेरिकेत राज्याराज्यांच्या नोंदी वेगळ्या, रुग्णाच्या हातात पुठ्ठ्याचं पांढरं कार्ड, आणि बऱ्याचदा तो सांगेल तेच खरं.

अमेरिकेत २०२१ च्या सुरुवातीला हे औषध चक्क पडून राहत होतं. सलाईनवाटे द्यायला खुर्च्या नव्हत्या, नर्स नव्हत्या, रुग्णांना माहीत नव्हतं. विषाणूच्या डेल्टा प्रकाराने चित्र पालटलं. ऑगस्टमध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस यांनी सरकारी केंद्रं उघडली. जॅक्सनव्हिलच्या सार्वजनिक वाचनालयातल्या केंद्रात जमिनीवर आडव्या पडलेल्या रुग्णांचा फोटो देशभर फिरला. सलाईनऐवजी आता पोटात, मांडीत, दंडात मिळून चार इंजेक्शनं आणि तासभर बसून राहणं, इतकंच काम होतं. टेक्ससचे गव्हर्नर ॲबट १७ ऑगस्टला पॉझिटिव्ह आले. त्यांची लस पूर्ण झाली होती, लक्षणं नव्हती, तरी त्यांनी हे औषध घेतलं.

सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडची सात राज्यं देशातल्या एकूण मागणीच्या सुमारे ७० टक्के माल उचलू लागली. त्यात अलाबामा, मिसिसिपीसारखी लसीकरणात तळाला असलेली राज्यं होती. अमेरिकेच्या केंद्र सरकारने या औषधाच्या एका डोसला सुमारे २,१०० डॉलर मोजलेले. लसीचा डोस पडत होता वीसेक डॉलरना. मग केंद्र सरकारने वाटप स्वतःच्या हातात घेतलं आणि राज्यांचे कोटे ठरवले. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं, तुटवडा असेल तर आधी लस न घेतलेले किंवा अपुरी घेतलेले जोखमीचे रुग्ण, आणि लस घेऊनही ज्यांच्या शरीराकडून प्रतिसादाची अपेक्षा नाही ते. टेनेसी राज्याने तशी शिफारसही जाहीर केली.

लोक भडकले ते इथे. नियम पाळून लस घेतली, मास्क लावला, आणि आता आम्हीच रांगेत मागे? वैद्यकीय तर्क मात्र बरोबर होता, असं माझं मत आहे. औषध सद्‌वर्तनाचं बक्षीस म्हणून वाटायचं नसतं. ज्याला मरणाचा धोका जास्त त्याला आधी. त्या तर्कात दोष होता तो वेगळाच: 'लस घेतलेला' म्हणजे 'सुरक्षित' हे समीकरण. सात महिन्यांपूर्वी दुसरा डोस घेतलेले ऐंशी वर्षांचे आजोबा आणि गेल्या महिन्यात डोस घेतलेला तिशीतला मुलगा एकाच खान्यात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी नंतर आपल्या नोंदी तपासल्या, तेव्हा लस पूर्ण झालेल्या पण जोखमीच्या रुग्णांतही अँटिबॉडी घेतलेल्यांत भरतीचं प्रमाण कमी आढळलं.

आता त्या भांडणातल्या आकड्याकडे. समजा एका गावात साठीपुढचे हजार लोक आहेत, ९०० जणांची लस झालीय, १०० जणांची नाही. लस न झालेल्यांत दर शंभरी १० जणांना हे औषध लागलं, झालेल्यांत दर शंभरी दोघांना. तर केंद्रावर लस न घेतलेले आले १० आणि घेतलेले १८. म्हणजे लस पाचपट संरक्षण देत असतानाही रांगेत बहुमत लस घेतलेल्यांचं! शिवाय लस घेणारा माणूस बहुधा टेस्टही लवकर करतो आणि डॉक्टरलाही लवकर फोन लावतो. तो मुदतीत केंद्रावर पोचतो, दुसरा अकराव्या दिवशी धाप लागल्यावर थेट इस्पितळात जातो आणि या मोजणीत येतच नाही. केंद्रावरच्या टक्केवारीवरून लसीचा निकाल लावणारे दोन्ही बाजूंचे लोक हे हिशेबात धरत नव्हते.

विषाणूच्या ओमायक्रॉन प्रकाराने वाद मिटवला, औषधच निकामी करून. २४ जानेवारी २०२२ रोजी एफडीएने लिली आणि रिजेनेरॉन या दोन्हींच्या मिश्रणांना रोखलं, फ्लोरिडाने निषेध करत केंद्रं बंद केली. अशीच आणखी दोन अँटिबॉडी औषधं त्याच वर्षी गेली: सोट्रोविमॅब एप्रिलमध्ये, बेब्टेलोविमॅब नोव्हेंबरअखेरीस.

तयार अँटिबॉडीची गरज टिकून राहिली ती एकाच गटाला: अवयवरोपण झालेले, रक्ताच्या कॅन्सरचे, रोगप्रतिकार दडपणारी औषधं चालू असलेले. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडच्या गुंतागुंतीने वारले, तेव्हा त्यांची लस पूर्ण झाली होती. पण त्यांना मल्टिपल मायलोमा होता, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचाच कॅन्सर. अशांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये एव्हुशेल्ड हे अँटिबॉडी औषध आलं, आजार होण्याआधीच द्यायचं. जानेवारी २०२३ मध्ये तेही नव्या उपप्रकारांपुढे थांबवावं लागलं. मार्च २०२४ मध्ये त्याच गटासाठी पेम्गार्डा या तशाच औषधाला परवानगी मिळाली.

नियमांचा क्रमही या प्रवासात उलटा झाला. २०२१ मध्ये अँटिबॉडीने उपचार झालेल्याला अमेरिकेची सीडीसी ही साथरोग नियंत्रण संस्था सांगत होती, लसीसाठी ९० दिवस थांबा. ही अट फेब्रुवारी २०२२ मध्ये काढली गेली. एव्हुशेल्ड आणि पेम्गार्डाच्या सूचनांत लिहिलंय की लस नुकतीच घेतली असेल तर निदान दोन आठवडे जाऊ द्या, मग अँटिबॉडी द्या.