खानदेश–इंग्लंड संबंध

खानदेश–इंग्लंड संबंध : तापी खोऱ्यातला खानदेश प्रांत आणि इंग्लंड यांच्यात सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ये-जा, व्यापार आणि वकिली, म्हणजे राजदूतांमार्फत चाललेली बोलणी. इंग्रज म्हटले की आपल्याला सुरत, मुंबई, राजापूर आठवते; खानदेश आठवतो तो थेट १८१८ च्या लढाईत. पण इंग्लंडच्या राजाने रीतसर नेमून पाठवलेला वकील सर टॉमस रो मोगल घराण्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला तो आग्र्यात नव्हे, अजमेरलाही नव्हे, तर बऱ्हाणपुरात. हे शहर आज मध्य प्रदेशात असल्यामुळे खानदेशच्या इतिहासातून ते सहज गळते. फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगल सुभ्याची ही राजधानी वगळून खानदेश सांगणे म्हणजे माजघर वगळून घराचे वर्णन करणे होय. त्यामुळे या नोंदीत खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे आणि बऱ्हाणपूर.

पहिली ओळख फारुकींच्या काळातली. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८० च्या दशकात अकबराच्या दरबाराकडे जाताना बऱ्हाणपुरातून गेला. मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे, पावसाळ्यात घोड्याशिवाय ओलांडता न येणारे रस्ते आणि भरपूर विणले जाणारे पांढरे व रंगीत सुती कापड, एवढे त्याने टिपून ठेवले. ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली आणि जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड हा बऱ्हाणपूरजवळचा फारुकींचा किल्ला अकबराच्या हाती आला. फारुकी राज्य संपले. पुढे कंपनीची माणसे आली तेव्हा खानदेशात त्यांची गाठ स्वतंत्र सुलतानाशी नव्हे, मोगल सुभेदाराशी पडली.

सुरतेहून आग्र्याला जाण्याच्या मोठ्या वाटांपैकी एक खानदेशातून जाई. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर आणि बऱ्हाणपूर असे तिचे टप्पे होते. कंपनीचा माणूस विल्यम हॉकिन्स फेब्रुवारी १६०९ मध्ये याच वाटेने गेला. बऱ्हाणपुरात त्याची भेट झाली अब्दुर्रहीम खानखानान याच्याशी, म्हणजे आपण ज्याला दोह्यांचा रहीम म्हणून ओळखतो त्याच्याशी. हॉकिन्सला तुर्की येत होते, खानखानानालाही. दोघे दुभाष्याशिवाय तीन तास बोलत बसले. नंतर मेजवानी झाली, मानाची वस्त्रे मिळाली. इंग्लंड आणि खानदेश यांच्यातले पहिले मोकळे संभाषण तुर्कीत झाले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी. वर्षभराने आलेल्या विल्यम फिंच या कंपनीच्या व्यापाऱ्याने तापीच्या पात्रातला दगडी हत्ती पाहिला. तो इतका हुबेहूब कोरलेला होता की पाण्यावर आलेल्या खऱ्या हत्तीने त्याला धडक मारून आपलेच सुळे मोडून घेतले, असे त्याने लिहिले आहे. त्या दगडी हत्तीचे कपाळ शेंदराने रंगवलेले होते आणि लोक त्याला पुजत होते.

टॉमस रो सुरतेला उतरला सप्टेंबर १६१५ मध्ये आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोहोचला. कोतवालाने त्याला सराईत उतरवले. सराईचा दर्शनी भाग दगडी आणि देखणा होता, पण आतल्या खोल्या विटांच्या, घुमटाकार, भट्टीएवढ्या. रोने त्या नाकारल्या आणि आपल्या तंबूत मुक्काम केला. १८ नोव्हेंबरला तो जहांगीरचा मुलगा शाहजादा परवीझ याच्या दरबारात गेला. शाहजादा उंच सज्जात बसला होता, वर छत, पुढे गालिचा. टोपी काढून डोके जमिनीला टेकव, असे रोला सांगण्यात आले. मी नोकर म्हणून नव्हे, सन्मानाने भेटायला आलो आहे, असे म्हणून त्याने नकार दिला आणि आपल्या रीतीने लवून अभिवादन केले. परवीझनेही अंग झुकवून त्याचा स्वीकार केला. मग रोने खुर्ची मागितली. इराणचा शहा किंवा तुर्कस्तानचा सुलतान आला तरी इथे बसायला मिळत नाही, असे उत्तर आले. शेवटी छताच्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभे राहण्याची परवानगी मिळाली. दरबारी शिष्टाचाराची ही घासाघीस वरवर क्षुल्लक वाटते, पण राजाचा वकील आणि अर्ज घेऊन आलेला व्यापारी यांतला फरक तिथेच ठरत होता.

मागणी साधी होती: बऱ्हाणपुरात वखार घालण्याचा परवाना. तो मंजूर झाला. खासगी भेटही ठरली होती. पण रोने नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी दिली होती, शाहजादा पिऊन बेहोश झाला आणि भेट राहून गेली. रो स्वतः तापाने फणफणला आणि आजारी अवस्थेतच अजमेरकडे निघाला.

वखार बऱ्हाणपुरातच का हवी होती, हे त्या काळच्या युद्धाकडे पाहिले की कळते. अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार मलिक अंबर याच्याविरुद्धच्या दख्खनच्या मोहिमेचे मोगल ठाणे तिथे होते आणि लष्कराची छावणी म्हणजे मोठी बाजारपेठ. इंग्लंडची लोकरी बनात आणि तलवारीची पाती यांना छावणीत गिऱ्हाईक होते. परदेशी पात्याच्या तलवारीला मराठीत फिरंग म्हणतात, तो शब्द युरोपाशी चाललेल्या याच देवघेवीचा. उलट दिशेने जाई ते कापड. टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने बऱ्हाणपूरच्या तलम मलमलीचे वर्णन केले आहे: कुणावर रंगीत फुले, कुणाच्या काठाला सोन्या-रुप्याची जर. ही मलमल इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंडपर्यंत पोहोचत होती. विणकर खानदेशातच होते. जग त्यांच्या मागापाशी येत होते.

१६३०–३२ च्या दुष्काळाने ही वाट उद्ध्वस्त केली. नोव्हेंबर १६३० मध्ये कंपनीचा नोकर पीटर मंडी सुरतेहून निघाला तेव्हा रस्ताभर प्रेते पडलेली होती आणि नंदुरबारला तंबू ठोकायला मोकळी जागा मिळणे कठीण झाले. जनावरांच्या शेणातले न पचलेले दाणे वेचणारी माणसे त्याने पाहिली. व्यापाराच्या इतिहासात या माणसांना एक ओळही मिळत नाही, म्हणून इथे ती देणे भाग आहे.

पुढे इंग्रजांचे लक्ष धरणगावकडे वळले. तिथले कापड नावाजलेले होते. कंपनीने १६७४ मध्ये तिथे वखार घातली आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या स्वारीत ती लुटली गेली. १६७४ म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला आणि हेन्री ऑक्झिंडेन तह घेऊन आला ते वर्ष. धरणगाव मात्र मोगलांच्या मुलखात होते, त्यामुळे तहाचे संरक्षण तिथवर पोहोचत नव्हते. १६७९ मध्ये पुन्हा धरणगाव आणि चोपडा लुटले गेले, १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या काळात आणखी एकदा.

लढाई आणि व्यापार एकत्र नांदत नाहीत, नफा समुद्रावर शांतपणे मिळवावा, असा सल्ला रोने कंपनीला दिला होता. कंपनीने तो मानला नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉपने थाळनेर घेतले आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फासावर चढवले. कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यातून प्रांताचा कारभार पाहू लागला. वकिली तिथे संपली. व्यापार उरला, पण उलटा होऊन: १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खानदेशातून कापडाऐवजी रुईच्या गाठी गेल्या आणि गिरणीचे कापड परत आले. रेल्वेमुळे जळगावची बाजारपेठ याच काळात वर आली.

सुरत–भुसावळ लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा ही जुन्या वाटेवरची नावे आजही स्थानकांच्या पाट्यांवर आहेत, धरणगावही आहे. हा मार्ग तापीच्या दक्षिणेने जातो. काफिले नदी ओलांडून ज्या उत्तर काठाने जात, तिथल्या थाळनेर आणि चोपड्याला रेल्वे आली नाही.