नव्या कामाचा श्रीगणेशा इंग्रजीत कसा सांगाल?

आमच्या इंग्रजी संभाषण वर्गाला येणारे बरेच जण काहीतरी नवं सुरू करत असतात. कुणाची पहिली नोकरी असते, कुणाचा परदेशातला पहिला ग्राहक. इंग्रजीत त्यांना हीच सुरुवात सांगायची असते आणि वाक्प्रचार तिथेच चुकतो. म्हणून हे माहितीपत्रक.

मराठीत आपण श्रीगणेशा करतो, नारळ फोडतो. पूर्वी मूल धुळाक्षरं गिरवायला बसलं की आधी 'श्रीगणेशाय नमः' लिहायचं, तिथून हा शब्द आला. काम सुरू झालं, एवढं त्यातून कळतं. करणाऱ्याने कितपत उडी घेतली, ते कळत नाही. इंग्रजीतले बरेच वाक्प्रचार मात्र पाण्यातले आहेत, आणि माणूस पाण्यात किती उतरलाय हे त्यांतून लगेच समजतं.

'टेस्ट द वॉटर्स' म्हणजे चाचपून पाहणं, अजून काही ठरलेलं नाही. 'डिप युअर टो इन द वॉटर' म्हणजे पायाचं बोट बुडवून पाहणं. सुरुवात आहे, पण अगदी जपून, मागे फिरायची वाट ठेवून. 'गेट युअर फीट वेट' म्हणजे पाय ओले झाले, थोडा अनुभव गाठीशी आला. 'टेक द प्लंज' म्हणजे बराच विचार करून शेवटी उडी मारली. लग्न ठरवलं तरी इंग्रज माणूस हेच म्हणतो. आणि 'थ्रोन इन अॅट द डीप एंड' म्हणजे तयारी नसताना कुणीतरी तलावाच्या खोल टोकाला ढकलून दिलं. मुलाखतीत 'पहिल्याच आठवड्यात सगळं अंगावर पडलं' असं सांगायचं असेल, तर हा वाक्प्रचार चपखल बसतो.

हा फरक बारीक वाटेल, पण व्यवहारात महाग पडतो. आमच्या एका विद्यार्थ्याने परदेशी ग्राहकाला पहिल्या ऑर्डरबद्दल मेल लिहिला. त्याला म्हणायचं होतं, 'तुमच्यासोबत आम्ही मनापासून सुरुवात करतोय.' लिहिलं मात्र 'वी आर टेस्टिंग द वॉटर्स विथ यू.' समोरच्याने वाचलं, 'हे आम्हाला फक्त अजमावून पाहताहेत,' आणि तसं विचारलंही. साधं 'वी आर स्टार्टिंग' लिहिलं असतं तरी भागलं असतं.

दुसरी गल्लत पायांची. 'वेट फीट' आणि 'कोल्ड फीट' यांत अंतर मोठं आहे. 'आय गॉट कोल्ड फीट' म्हणजे ऐन वेळी मी कच खाल्ली. आपण हातपाय गार पडले म्हणतो, त्याच्या अगदी जवळचं.

'लर्न द रोप्स' हा शिडाच्या जहाजांवरचा. कोणता दोर ओढला की कोणतं शीड हलतं, हे नव्या खलाशाला आधी शिकावं लागे. नव्या नोकरीत 'आय अॅम स्टिल लर्निंग द रोप्स' म्हणायला अजिबात कमीपणा नाही. 'कट युअर टीथ ऑन' लहान बाळाच्या दात येण्यावरून आला. तो बहुधा भूतकाळात वापरतात: सुरुवातीचं शिक्षण ज्या कामावर झालं, ते काम 'ऑन'नंतर येतं. 'गिव्ह इट अ गो' आणि 'गिव्ह इट अ शॉट' म्हणजे एकदा करून पाहणं. हे बिनधास्त वापरा, फक्त औपचारिक पत्रात नकोत.

'मेडन' या शब्दाला जरा जपा. टायटॅनिक एप्रिल 1912 मध्ये साउदॅम्प्टनहून निघालं, तो त्याचा 'मेडन व्हॉयेज', पहिला प्रवास. नव्या खासदाराचं सभागृहातलं पहिलं भाषण 'मेडन स्पीच'. फलंदाजाची 'मेडन सेंच्युरी' म्हणजे पहिलं शतक. पण 'मेडन ओव्हर' म्हणजे गोलंदाजाचं पहिलं षटक नव्हे, ते निर्धाव षटक. समालोचन रोज ऐकणारेही इथे अडखळतात.

कामाचा मेल किंवा मुलाखतीचं उत्तर तयार असेल, तर पाठवण्याआधी वर्गात घेऊन या. कोणता वाक्प्रचार ठेवायचा आणि कोणता खोडायचा, ते तुमच्याच वाक्यावर सोबत बसून पाहू.