केकमधलं पाणी कुणाच्या वाट्याला?

केक बिघडला की पहिला संशय ओव्हनवर जातो. पण खरा घोटाळा बऱ्याचदा त्याआधी, भांड्यातच झालेला असतो. साखर निम्मी केलेली असते, बटरऐवजी तेवढंच तेल ओतलेलं असतं, दही संपलं म्हणून दूध घातलेलं असतं. रोजच्या स्वयंपाकात असे बदल खपून जातात. केकमध्ये खपत नाहीत, कारण तिथे प्रत्येक जिन्नस चवीखेरीज आणखी एक काम करत असतो. ते काम बहुतेक वेळा पाण्याशी निगडित असतं.

मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं असतात. कोरड्या पिठात ती नुसती पडून असतात. पाणी मिळालं आणि पीठ ढवळलं गेलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. पावाला हे जाळं हवंच असतं, म्हणून पावासाठी साधारण १२ ते १४ टक्के प्रथिनांचं पीठ घेतात आणि चांगलं मळतात. केकला ७ ते ९ टक्के पुरतात. मैदा घातल्यावर तो जेमतेम मिसळेपर्यंतच हलक्या हाताने फिरवावा, असं सांगतात ते याचसाठी. जास्त फेटलं की केक चिवट होतो.

साखरेबद्दल मात्र सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ती केवळ गोडीसाठी असते असं वाटतं, आणि तब्येतीचा विचार करून आपण तिलाच आधी कात्री लावतो. साखर पाणी धरून ठेवते. त्यामुळे प्रथिनांच्या वाट्याला पाणी कमी येतं आणि ग्लुटेनचं जाळं फार घट्ट होत नाही. मैद्यातल्या स्टार्चवरही, म्हणजे पिष्टमय भागावरही, तिचा वचक असतो. नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च ६० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगू लागतो. भरपूर साखर असलेल्या मिश्रणात हीच क्रिया ८० अंशांच्याही पुढे जाते. तेवढा वेळ मिश्रण पातळ राहतं, आतले बुडबुडे मोठे होतात आणि मगच केक घट्ट होतो. साखर फार कमी केली तर तो लवकर घट्ट होतो, नीट फुगत नाही, कोरडा लागतो. फार वाढवली तर वेळेत घट्टच होत नाही आणि मधोमध खचतो.

बटर आणि साखर एकत्र फेटताना साखरेचं आणखी एक काम डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला मिश्रण पिवळं आणि रवाळ असतं. काही मिनिटांत ते फिकट, जवळजवळ पांढरं आणि हलकं होतं. साखरेच्या टोकदार कणांमुळे बटरमध्ये हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकलेले असतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे जवळपास तयार करत नाही, ती असलेले बुडबुडे मोठे करते. त्यामुळे ही फेटण्याची पायरी उरकून टाकू नये, असं मी आग्रहाने सांगेन. बटर १८ ते २० अंशांना, बोटाने दाबलं तर खळगा पडेल पण वितळणार नाही इतपत मऊ असावं. त्यात फ्रिजमधलं गार अंडं फोडलं की बटर आखडतं आणि मिश्रण फाटतं. अंडी आधी बाहेर काढून ठेवली की हे टळतं. साखरेऐवजी मध वापरला तर हे फेटणंच साधत नाही. शिवाय मधात सुमारे १७ टक्के पाणी असतं, म्हणून दूध थोडं कमी करावं लागतं.

बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्के पाणी असतं, तेल मात्र सगळं स्निग्धच. म्हणून १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम तेल आणि १५ ग्रॅम पाणी किंवा दूध हा हिशोब बरा. तेलाचा केक थंड असतानाही मऊ राहतो, पण तेलात बटरसारखी हवा अडकत नाही.

बेकिंग सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला दही, ताक, लिंबू यांसारखं काहीतरी आंबट लागतं. आंबट मिळताच कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो, म्हणून असं मिश्रण लगेच ओव्हनमध्ये जायला हवं. दह्याच्या जागी दूध घातलं तर सोड्याला पुरेसं आम्ल मिळत नाही, आणि उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव केकला येते. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये अशी पावडर बनवली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट चालत नसे. सोडा पावडरीच्या तिप्पट-चौपट तीव्र असतो, त्यामुळे चमच्याला चमचा अशी अदलाबदल करू नये.

भाजून झाल्यावरही पाण्याची गोष्ट संपत नाही. पाव शिळा होतो तो फक्त सुकल्यामुळे नाही. फुगलेल्या स्टार्चचे रेणू हळूहळू पुन्हा रांगेत बसतात आणि पाव कडक होतो. फ्रिजच्या थंडाव्यात हे उलट जास्त वेगाने घडतं. म्हणून दोन दिवसांत संपणारा पाव बाहेर झाकून ठेवावा, जास्त दिवस टिकवायचा तर काप करून फ्रीझरमध्ये. शिळा काप गरम केला की ते रेणू पुन्हा सुटे होतात आणि काप मऊ लागतो, पण तो गरम असतानाच खाऊन टाकावा.