गावाचा निकाल आणि लेकराचा निकाल

मुलांच्या चाचणीचा गावचा निकाल गावासमोर मांडणं आणि आपल्या लेकराचा निकाल आईबापाच्या हातात ठेवणं, या दोन्हींना आपण सरसकट ‘पालकांना निकाल कळवणं’ म्हणतो. दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष करून पाहिल्या गेल्यात, आणि फळ अगदी निराळं मिळालंय.

पहिला प्रयोग उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला, २८० गावांचा. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने काही गावांत बैठका घेऊन गावच्या शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावले. बहुतेकांना अशी समिती असल्याचाच पत्ता नव्हता. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हतं! (आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समितीच्या रजिस्टरवर नुसती सही ठोकून आलेल्यांना याचं नवल वाटू नये.) आणखी काही गावांत लोकांनाच मुलांचं वाचन तपासायला शिकवलं. त्यातून गावाचं प्रगतिपुस्तक तयार झालं, ते बैठकीत मांडलं, त्यावर चर्चा झाली. पुढे ना पालकांचा सहभाग वाढला, ना शिक्षकांचं काम बदललं, ना मुलांचं वाचन सुधारलं.

दुसरा प्रयोग पाकिस्तानातल्या पंजाबचा, ११२ गावांचा. तिथे एकेका गावात सरकारी आणि खासगी मिळून अनेक शाळा. इंग्रजी, उर्दू आणि गणिताची चाचणी घेऊन निम्म्या गावांत पालकांना कार्ड दिलं. त्यावर आपल्या मुलाचे गुण होतेच, शिवाय गावातल्या प्रत्येक शाळेची सरासरीही होती. शाळांनाही हीच माहिती मिळाली. वर्षभरात मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी सुमारे १७ टक्क्यांनी उतरली. गंमत म्हणजे पालकांनी धडाधड शाळा बदलल्या असंही नाही. शेजारच्या शाळेचा आकडा पालकाच्या खिशात आहे, एवढी जाणीव बऱ्याच शाळांना पुरली असावी.

मला फरक दिसतो तो असा. गावाची सरासरी ऐकून आई हळहळते आणि घरी जाते. त्या आकड्याचं करायचं काय आणि जाब विचारायचा कुणाला? मुलाचे गुण आणि शेजारच्या शाळेचे गुण एकाच कागदावर दिसले, की ‘एवढी फी कशाची?’ असं विचारता येतं. मात्र गावात एकच शाळा असेल, तर पंजाबचं कार्डही इथे तसंच चालेल असं मी म्हणणार नाही.

जौनपूरमध्ये गावांचा आणखी एक गट होता. तिथे बैठक आणि प्रगतिपुस्तकाच्या जोडीला गावातल्या तरुणांना वाचन शिकवण्याची सोपी पद्धत दिली आणि त्यांनी शाळेबाहेर वर्ग भरवले. त्या वर्गांना फार थोडी मुलं आली. पण जी आली, ती वाचायला लागली. शाळेतलं शिकवणं मात्र त्या गावांतही होतं तसंच राहिलं.