मेमरी कार्ड ते महिना १३० रुपये

आईच्या बांगड्यांच्या डबीत चार मेमरी कार्डं आहेत. नखाएवढी, प्रत्येक कागदाच्या चिटोऱ्यात गुंडाळलेलं. एका चिटोऱ्यावर बॉलपेनने ‘गणपती २००९’ लिहिलंय. आज ‘स्टोरेज फुल’ची पाटी झळकली की आपण वैतागतो, पण फोनमधली जागा हा प्रश्न कॅमेऱ्याचा फोन आला त्याच दिवशी सुरू झाला होता.

२००३ मध्ये आलेला नोकिया ६६०० आठवतो का? त्या गुबगुबीत फोनची स्वतःची मेमरी ६ एमबी, सोबत मिळणारं कार्ड ३२ एमबीचं. आजच्या फोनने काढलेले दहाएक फोटो त्यात मावले असते. तेव्हा भागायचं, कारण फोटोच मुळी ६४० बाय ४८० ठिपक्यांचा असायचा. पुढे २००५ मध्ये मायक्रोएसडी आलं आणि नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानांना नवा धंदा मिळाला. तिथे कार्डात गाणी भरून मिळायची. जागा हवी म्हणून आधीचे फोटो दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि सीडीवर ‘राईट’ करून घ्यायचे. बॅकअप तो हाच, फक्त तसं म्हणायची पद्धत नव्हती. मात्र फोटो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगता यायचं: कपाटात, डाव्या खणात.

डबीतल्या चारपैकी एक कार्ड आता उघडतच नाही. कार्डातली ही फ्लॅश मेमरी १९८०च्या दशकात तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली. तिच्यात माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. कार्ड वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिलं, तर तो भार हळूहळू झिरपून जातो. कागदात गुंडाळून ठेवल्याने धूळ लागत नाही, एवढाच फायदा.

स्मार्टफोनने या व्यवस्थेची घडी मोडली. आयफोनला २००७ पासूनच कार्डाची खाच नव्हती. अँड्रॉइडला होती, पण तिचा उपयोग अर्धामुर्धा. सप्टेंबर २०१४ मध्ये सुंदर पिचाई यांनी दिल्लीत ‘अँड्रॉइड वन’चे स्वस्त फोन आणले. किंमत ६,३९९ रुपयांपासून आणि मेमरी ४ जीबी. त्यातली बरीचशी जागा खुद्द अँड्रॉइडच अडवून बसायचं. कार्ड ३२ जीबीचं घाला, फोटो त्यावर जायचे; अ‍ॅप मात्र फोनच्या पोटातच जागा मागायची. कार्ड रिकामं आणि फोन भरलेला, हे कोडं त्या काळात अनेक घरांत वडीलधाऱ्यांना समजावून सांगावं लागलं. मलाही ते धड जमलं नाही.

मग मे २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं. १६ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो, आकाराने थोडे दाबून, हवे तेवढे गूगलच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे, फुकट. आपला माळा भरला म्हणून शेजाऱ्याने स्वतःचा माळा उघडून द्यावा, तसं. शेजाऱ्याचा त्यात काय फायदा, हे फार कुणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं. डेटा आधी फुकट आणि नंतरही स्वस्त झाला, त्यामुळे फोटो वर चढवणं परवडू लागलं. पण त्याच वाटेने खालीही बरंच काही उतरू लागलं: गुलाबाच्या पाकळ्यांवर ‘शुभ सकाळ’, उगवत्या सूर्यावर सुविचार, गुरुवारी स्वामी. व्हॉट्सअ‍ॅप येणारं प्रत्येक चित्र फोनमध्ये साठवतं आणि आपण पाठवलेल्याची वेगळी प्रत ‘सेंट’ फोल्डरमध्ये ठेवतं. म्हणजे गॅलरीतला फोटो ग्रुपवर टाकला की तो फोनमध्ये दोनदा. जानेवारी २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने या सुप्रभातांवर बातमीच केली. भारतात दर तीनपैकी एका स्मार्टफोनधारकाची जागा रोज संपते, असा वेस्टर्न डिजिटल कंपनीचा आकडा तीत होता. गूगलने त्याच्या महिनाभर आधी ‘फाइल्स गो’ हे साफसफाईचं अ‍ॅप काढलं होतं, आणि पुढे ते असली चित्रं हुडकून काढायला शिकलं. मावशीच्या फोनवर मी ते एकदा चालवलं. डिलीट मारू का विचारलं, तर म्हणाली, “अरे, देवाचे फोटो आहेत, असू दे.”

नोव्हेंबर २०२० मध्ये गूगलने फुकटचा माळा बंद होणार असल्याचं जाहीर केलं. १ जून २०२१ पासून प्रत्येक नवा फोटो खात्याला फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत मोजला जाऊ लागला, आणि त्या १५ जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही भागीदार. व्हॉट्सअ‍ॅपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप २०१८ पासून या हिशेबाबाहेर होता; तोही २०२४ मध्ये आत आला. भारतात १०० जीबीचं भाडं महिना १३० रुपये ठरलं होतं. अ‍ॅपलने तर २०११ पासून फुकटची जागा ५ जीबीच्या पुढे सरकू दिलेली नाही.

फुकटच्या माळ्याच्या सहा वर्षांत एक सवय मात्र मोडली. फोटो उतरवून घेणं हे काम म्हणून कुणी करेना; ते आपोआप होत होतं. त्यातूनच मोठा घोळ झाला. गूगल फोटोजमध्ये फोटो डिलीट मारला की तो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. साठ दिवस कचरापेटीत थांबतो आणि मग कायमचा. फक्त फोनमधली प्रत काढायची तर ‘फ्री अप स्पेस’ हे वेगळं बटण आहे. फोटो वर आहेतच, या भरवशावर इथले पुसणारे आमच्या घरातच दोघं निघाले.

१ जून २०२१ पूर्वी दाबून चढवलेले फोटो मात्र आजही मोजणीत धरत नाहीत. त्यामुळे आईच्या खात्यात २०१९ची गणपतीपुळ्याची सहल फुकट राहते आणि २०२२चं बारसं भाडं भरतं.