उसने शास्त्रज्ञ

जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रिअट' या इंग्रजी दैनिकात एक पत्र छापून आलं. खाली नाव नव्हतं. न्यूयॉर्कमधला एक नामवंत शास्त्रज्ञ, एवढीच लेखकाची ओळख. एड्स हा नवा रोग अमेरिकेच्या लष्कराने मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत तयार केला आणि असे प्रयोग आता पाकिस्तानात हलवायचं चाललं आहे, असा मजकूर होता. एड्स भारतात शिरू शकतो, असा इशारा मथळ्यातच होता.

तेव्हा भारतात एड्सच्या विषाणूची लागण झालेला एकही माणूस सापडलेला नव्हता. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनीला पहिले बाधित आढळले ते १९८६ मध्ये. पत्र आलं तेव्हा पॅरिसच्या पाश्चर संस्थेने हा विषाणू वेगळा केल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. रोग नेमका कशाने होतो यावर शास्त्रज्ञांचं एकमत व्हायचं होतं, पण तो कुठे बनला याचं ठाम उत्तर त्या पत्रात होतं.

हे पत्र सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीने पेरलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मॉस्कोतल्या वर्तमानपत्रात हेच छापलं असतं तर सरकारी प्रचार म्हणून लोकांनी बाजूला सारलं असतं. दिल्लीचं इंग्रजी दैनिक मात्र अलिप्त राष्ट्रातलं. शिवाय 'पेट्रिअट' डाव्या विचारांचं आणि सोव्हिएत संघाकडे झुकलेलं असलं, तरी त्याच्या संस्थापकांत अरुणा असफ अली होत्या. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँकवर तिरंगा फडकवणाऱ्या त्याच अरुणाताई. अशा नावाभोवती जमलेला विश्वास कुणी दुसराच वापरून जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

पत्रानंतर दोन वर्षं फारसं काही घडलं नाही. मग ७ सप्टेंबर १९८५ ला केजीबीने बल्गेरियाच्या गुप्तचर खात्याला एक संदेश पाठवला. एड्स हा अमेरिकेच्या गुप्त प्रयोगांतून निसटलेला रोग आहे असं मत परदेशात तयार करायचं आहे, हे त्यात उघडपणे लिहिलं होतं. पुढे असंही होतं, की विकसनशील देशांच्या, विशेषतः भारताच्या वर्तमानपत्रांत याची माहिती आधीच आली आहे. एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्या हाताने उगवलेलं दाखवायचं. बल्गेरियाची जुनी दफ्तरं खुली झाल्यामुळे हा कागद आज वाचता येतो, आणि या सगळ्या प्रकरणात मला तोच सर्वांत बोलका वाटतो.

ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता'ने 'पेट्रिअट'चा हवाला देत तीच गोष्ट छापली. दिल्लीने न्यूयॉर्कचा दाखला दिला आणि मॉस्कोने दिल्लीचा. १९८६ मध्ये पूर्व जर्मनीतले निवृत्त प्राध्यापक याकोब सेगाल यांनी त्याला शास्त्रीय भाषेचा साज चढवला. हरारेत भरलेल्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत त्यांची पुस्तिका वाटली गेली. त्याच वर्षी लंडनच्या 'संडे एक्सप्रेस'ने पहिल्या पानावर बातमी केली. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने, सोव्हिएत लष्करी प्रकाशनातला आरोप म्हणून का होईना, ती राष्ट्रीय बातम्यांत सांगितली. ज्या देशाची बदनामी करायची त्याच देशाच्या दिवाणखान्यात ती पोहोचली.

लोकांनी विश्वास का ठेवला, याचं उत्तर 'लोक भोळे असतात' एवढ्यावर भागत नाही. फोर्ट डेट्रिकमध्ये अमेरिका खरोखरच जैविक अस्त्रं तयार करत होती; राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये तो कार्यक्रम बंद केला. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं, रोग कसा वाढतो हे बघायला. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही दिलं नाही. ज्यांच्या घरातला माणूस असा गेला, त्यांना एड्सची गोष्ट अशक्य कशी वाटावी? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीत चारातल्या एका कृष्णवर्णीय अमेरिकनाला एड्स सरकारी प्रयोगशाळेत बनला असं वाटत होतं. तोवर एचआयव्हीचा उगम मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींच्या विषाणूत असल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं. आणि रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी १९९२ मध्येच या मोहिमेत केजीबीचा हात असल्याची कबुली दिली होती. कबुली आली तेव्हा गोष्ट कधीच वेशीबाहेर गेली होती.

आपल्या घरांत आलेला सोव्हिएत प्रचार मात्र असा काळाकुट्ट नव्हता. माझ्या पिढीने रशिया पाहिला तो गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत मासिकांत आणि स्वस्त, देखण्या पुस्तकांत. मासिक वाचून झालं की त्याच कागदाची कव्हरं वह्यांना घालायची. गणिताच्या वहीवर अंतराळवीर आणि भूगोलाच्या वहीवर गव्हाचं शेत. वर्षभर ते शेत डोळ्यांसमोर असायचं. कधीही न पाहिलेल्या देशाबद्दल माया वाटायला तेवढं पुरलं. ती माया खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही, पण त्या शेतामागचा दुष्काळ आणि सक्तमजुरीच्या छावण्या कुठल्याच वहीवर नव्हत्या.

२०२० मध्ये फोर्ट डेट्रिक हे नाव पुन्हा वर आलं, या वेळी करोनासाठी. अमेरिकी लष्करानेच वुहानमध्ये साथ आणली असावी, असं चीनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने मार्चमध्ये ट्विटरवर लिहिलं. पुढच्या वर्षी जुलैत 'विल्सन एडवर्ड्स' नावाच्या स्विस जीवशास्त्रज्ञाची फेसबुक पोस्ट फिरली: करोनाच्या उगमावरून अमेरिका जागतिक आरोग्य संघटनेच्या शास्त्रज्ञांवर दबाव आणते आहे. चिनी सरकारी माध्यमांनी ती उचलून धरली. त्यावर बीजिंगच्या स्विस दूतावासाने जाहीर केलं, की या नावाचा एकही स्विस नागरिक नोंदलेला नाही. खातं नुकतंच उघडलेलं होतं आणि त्याला तीन मित्र होते. डिसेंबरमध्ये फेसबुकच्या कंपनीने ही पोस्ट पसरवणाऱ्या जाळ्यातली ६०० हून अधिक खाती काढून टाकली.

आमच्या घरच्या ग्रुपवर मात्र उलट दिशेचा शास्त्रज्ञ आला होता, एप्रिल २०२० मध्ये. जपानचे नोबेल विजेते तासुकु होंजो म्हणतात की विषाणू मानवनिर्मित आहे, त्यांनी वुहानच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काम केलं आहे, असा तो मजकूर. पाठवणारी माझी आत्या, ३० वर्षं शाळेत शिकवलेली. मी शंका काढली तर म्हणाली, "अरे, नोबेल मिळालेला माणूस खोटं कशाला बोलेल?" होंजो मुळात तसं बोललेच नव्हते. आपलं नाव वापरून खोटी माहिती पसरवली जात असल्याचं त्यांनी क्योटो विद्यापीठामार्फत जाहीर केलं. तो खुलासा मी ग्रुपवर टाकला. आत्याने लगेच फोन केला, वाईट वाटलं म्हणाली, आणि विचारलं, "मी तो आणखी चार ग्रुपवर पाठवलाय रे, आता तिथे काय लिहू?" आम्ही दोघांनी मिळून तीन ओळी लिहिल्या. चारांपैकी एका ग्रुपवर तोच मजकूर संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी पुन्हा टाकला.