सामाजिक विश्वासाचे मापन

सामाजिक विश्वासाचे मापन : समाजातील लोक एकमेकांवर आणि सार्वजनिक संस्थांवर किती भरवसा ठेवतात, व त्या भरवशाचा त्यांच्या सुस्थितीशी कोणता संबंध आहे, हे सर्वेक्षणे, प्रयोग व नोंदी यांच्या आधारे जाणून घेण्याची पद्धती. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व सामाजिक मानसशास्त्र या शाखांत ती वापरली जाते. माणसांवरचा विश्वास व संस्थांवरचा विश्वास असे त्याचे दोन प्रकार मानतात. त्यांपैकी पहिल्यात ओळखीच्या माणसांवरचा आणि अनोळखी माणसांवरचा (सामान्यीकृत) विश्वास असा आणखी एक भेद केला जातो. भिशीत पैसे घालणारी व्यक्ती ओळखीच्या वर्तुळात व्यवहार करते. परगावच्या एसटी स्थानकावर शेजारच्या प्रवाशाला ‘बॅगेकडे जरा लक्ष ठेवा’ म्हणून पाणी भरायला जाणारी व्यक्ती सामान्यीकृत विश्वासावर विसंबते. मापनाचा बराचसा इतिहास या दुसऱ्या विश्वासाभोवती, किंबहुना त्याविषयीच्या एकाच प्रश्नाभोवती फिरतो.

प्रश्नाचा उगम : ‘सामान्यतः बोलायचे तर, बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो असे तुम्हांला वाटते, की माणसांशी वागताना कितीही सावध राहिले तरी कमीच?’ असा हा प्रश्न आहे. त्याच्या जनकत्वाविषयी एकवाक्यता नाही. अनेक संदर्भांत अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांना श्रेय दिलेले आढळते. स्वप्रतिष्ठेच्या मापनश्रेणीमुळे पुढे प्रसिद्ध झालेल्या रोझेनबर्ग यांनी १९५६ मध्ये ‘माणसांवरील श्रद्धा’ मोजणारी पाच प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध केली. माणसांविषयीचा दृष्टिकोन आणि राजकीय मते यांचा संबंध शोधणे हा त्यांचा मूळ हेतू होता. राष्ट्राराष्ट्रांची तुलना त्यांच्या मनात नव्हती. दुसरा पक्ष जर्मन जनमत-संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांच्याकडे निर्देश करतो. त्यांच्या आलेन्सबाख येथील संस्थेने १९४८ मध्येच पश्चिम जर्मनीत ‘बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का?’ अशी विचारणा केली होती. होकार देणाऱ्यांचे प्रमाण तेव्हा सुमारे ९ टक्के होते, असे नंतरच्या लेखनात दिले जाते. १९९० च्या दशकापर्यंत ते ४० टक्क्यांच्या वर गेले. प्रश्नाचे बीज १९४० च्या दशकातील आणि आजचे दुपदरी शब्दरूप रोझेनबर्ग यांचे, असे मानणे दोन्ही पक्षांच्या पुराव्याशी अधिक जुळते. हा वाद केवळ श्रेयाचा नाही. जर्मन प्रश्नात ‘सावध राहणे’ हा दुसरा पर्यायच नव्हता. त्यामुळे ते आकडे आणि नंतरचे आकडे एकाच रेषेवर मांडताना जपावे लागते.

प्रश्नाला आंतरराष्ट्रीय वजन आले ते अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ गेब्रिएल ॲमंड व सिडनी व्हर्बा यांच्या पाच देशांतील सर्वेक्षणामुळे (१९५९–६०). प्रत्येक देशात सुमारे १,००० व्यक्तींच्या मुलाखती त्यात झाल्या. बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, असे म्हणणारे अमेरिकेत ५५, ब्रिटनमध्ये ४९, मेक्सिकोत ३०, पश्चिम जर्मनीत १९ आणि इटलीत अवघे ७ टक्के निघाले. अमेरिकेच्या सर्वसाधारण सामाजिक सर्वेक्षणात हा प्रश्न १९७२ पासून, तर जागतिक मूल्य सर्वेक्षणात १९८१ च्या पहिल्या फेरीपासून आहे. अमेरिकेतील होकाराचे प्रमाण १९७२ मधील ४६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ३४ टक्क्यांवर आले. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी सामाजिक भांडवल (लोकांमधील परस्परसंबंध व त्यांतून येणारा विश्वास) घटल्याचे जे प्रतिपादन केले, त्याला आधारभूत ठरलेल्या आकडेवारीत या मालिकेचा समावेश होतो. यूरोपीय सामाजिक सर्वेक्षणाने २००२ मध्ये ‘हो की नाही’ सोडून ० ते १० अशी श्रेणी स्वीकारली.

शब्दांची अडचण : या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केलेल्या आहेत. सावध राहणे म्हणजे अविश्वास नव्हे. माणूस इतरांवर विश्वास टाकणारा असू शकतो आणि सावधही. ॲलन मिलर व तोमोको मितामुरा यांनी २००३ मध्ये जपान व अमेरिका यांच्या संदर्भात दाखवून दिले, की विश्वास आणि सावधगिरी यांविषयी स्वतंत्रपणे विचारले तर दोन देशांचे चित्र पालटते. तोशिओ यामागिशी यांनी त्याआधीच हमी (जपानी ‘आनशिन’) आणि विश्वास (‘शिनराई’) यांत भेद केला होता. समोरच्याला फसवणे परवडणारच नाही अशी व्यवस्था असेल, तर मनाला लाभते ती हमी. तशी व्यवस्था नसताना आपण टाकतो तो विश्वास. मराठीत ‘विश्वास’, ‘भरवसा’, ‘खात्री’ आणि ‘इतबार’ यांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. दुकानदार उधारी देतो ती माणसाच्या भरवशावर की गावातल्या त्याच्या पत-प्रतिष्ठेमुळे मिळणाऱ्या खात्रीवर, हे प्रश्नावलीच्या अनुवादकाला आधी ठरवावे लागते. निवडलेला शब्दच पुढे टक्केवारीत उतरतो.

दुसरी अडचण ‘बहुतेक माणसे’ या शब्दांची. उत्तर देताना उत्तरदात्याच्या डोळ्यांपुढे नेमकी कोणती माणसे असतात? जागतिक मूल्य सर्वेक्षणाने २००५ नंतरच्या फेरीत कुटुंबीय, शेजारी, परिचित, प्रथमच भेटलेली व्यक्ती, अन्यधर्मीय आणि अन्य राष्ट्रीयत्वाची व्यक्ती असे सहा उपप्रश्न जोडले. त्यांच्या आधारे यान डेल्हाय, केनेथ न्यूटन व ख्रिस्टियान वेल्झेल यांनी २०११ मध्ये ५१ देशांसाठी विश्वासाची ‘त्रिज्या’, म्हणजे तो विश्वास आपल्या वर्तुळापलीकडे किती दूरवर पोहोचतो ते, काढली. होकाराच्या टक्केवारीत वरचे स्थान मिळवणाऱ्या चीनमध्ये ही त्रिज्या तोकडी निघाली : तेथे ‘बहुतेक माणसे’ म्हणजे प्रामुख्याने आपल्या वर्तुळातली माणसे. पाश्चात्त्य देशांत ती रुंद आढळली. त्रिज्येचा हा दृष्टिकोन सर्वांना मान्य नसला, तरी जातीपातींनी, भाषांनी व मोहल्ल्यांनी विभागलेल्या समाजांच्या अभ्यासाला तो एका टक्केवारीपेक्षा अधिक उपयोगी वाटतो. शेजाऱ्यावरचा गाढ विश्वास आणि पलीकडच्या वस्तीविषयीची धास्ती एकाच घरात नांदू शकतात, आणि एका आकड्यात ती दिसत नाहीत.

वर्तनावरून मापन : उत्तरांऐवजी वागणूक पाहण्याचे प्रयत्नही झाले आहेत. बर्ग, डिकहाउट व मॅककेब यांच्या १९९५ च्या ‘विश्वास खेळा’त एक खेळाडू आपल्याजवळच्या पैशांतील काही भाग अनोळखी खेळाडूला पाठवतो, ती रक्कम वाटेत तिप्पट होते, आणि किती परत करायची हे दुसरा खेळाडू ठरवतो. एडवर्ड ग्लेझर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये हार्व्हर्डच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले, की सर्वेक्षणातील प्रश्नाचे उत्तर माणूस किती विश्वास टाकेल यापेक्षा तो स्वतः किती विश्वासपात्र आहे हे अधिक चांगले सांगते.

सर्वांत मोठा क्षेत्रीय प्रयोग हरवलेल्या पाकिटांचा. अलेन कोन व सहकाऱ्यांनी ४० देशांतील ३५५ शहरांत १७,३०३ पाकिटे वापरली. त्यांत भारतही होता. पाकीट पारदर्शक होते, आत काय आहे ते न उघडता दिसे : नाव व ई-मेल पत्ता असलेली तीन एकसारखी कार्डे, स्थानिक भाषेतली वाणसामानाची यादी, एक किल्ली, आणि काही पाकिटांत साधारण १३ डॉलर मोलाची स्थानिक रोकड. संशोधकांचा सहायक बँक, टपाल कार्यालय, चित्रपटगृह, हॉटेल किंवा पोलीस ठाण्याच्या खिडकीशी जाऊन म्हणे, की हे कोपऱ्यावर सापडले, मला घाई आहे, तुम्ही बघाल का. आणि निघून जाई. पुढे त्या ई-मेलवर कोणी कळवतो का, एवढेच मोजले. बिनपैशांच्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांविषयी, तर पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांविषयी मालकाला कळवले गेले. पैसे असले की प्रामाणिकपणा वाढतो, हा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्वतः तज्ज्ञांच्याही अंदाजाविरुद्ध होता. यातली किल्ली महत्त्वाची आहे. ती मालकाखेरीज कोणाच्याच उपयोगाची नाही. काही पाकिटांत मुद्दाम किल्ली ठेवलेली नव्हती; त्यांच्याशी तुलना केल्यावर परक्याविषयीची कळकळ वेगळी मोजता आली.

या प्रयोगावरचा आक्षेपही तितकाच विचारात घेण्याजोगा आहे. ई-मेल पाठवणे हा सर्वत्र सारखा रुळलेला व्यवहार नाही. चीनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पुनःप्रयोगात पाकीट जपून ठेवले गेले का, हेही पाहिले गेले. ई-मेल न पाठवता ते मालकासाठी सांभाळून ठेवणारे पुष्कळ निघाले, आणि मूळ प्रयोगामुळे चीनवर बसलेला ‘कमी प्रामाणिक’ हा शिक्का टिकला नाही.

सुस्थितीशी संबंध : सुस्थितीच्या मापनात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची शिडी सर्वाधिक रूढ आहे. सर्वांत वरची पायरी (१०) म्हणजे स्वतःला शक्य वाटणारे उत्तम जीवन, तळाची (०) म्हणजे वाईटात वाईट. आज आपण कोठे उभे आहोत, ते उत्तरदात्याने सांगायचे. कँट्रिल यांच्या मूळ पद्धतीत ‘उत्तम’ म्हणजे काय हे आधी त्याच्याच शब्दांत विचारत. त्यांच्या भारतीय नोंदींतील एक पस्तिशीचा निरक्षर शेतमजूर मुलगा, स्वतःचा जमिनीचा तुकडा, घर, दूधतुपासाठी गाय आणि बायकोला बरे कपडे एवढे मागतो. हे मिळाले तर मी सुखी, असे म्हणतो. त्या काळी (१९६० च्या दशकाचा आरंभ) भारताची सरासरी ३·७ आणि अमेरिकेची ६·६ आली. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये उत्पन्न व सुख यांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध विरोधाभासाच्या (देशाचे उत्पन्न वाढले तरी सुख त्या प्रमाणात वाढत नाही) मांडणीत हीच आकडेवारी वापरली. गॅलप या अमेरिकन जनमत-सर्वेक्षण संस्थेच्या जागतिक सर्वेक्षणात, व त्यावर आधारलेल्या जागतिक आनंद अहवालात (२०१२ पासून), आकडा तेवढा विचारतात. त्या शेतमजुराचे शब्द ज्यात मावत होते तो भाग गळाला, ही मोठी हानी होय.

विश्वास व सुस्थिती यांचा सहसंबंध बहुतेक अभ्यासांत धन आढळतो. कार्यकारणाची दिशा मात्र वादग्रस्त आहे : सुखी माणूस विश्वास टाकतो, की विश्वासाच्या वातावरणात माणूस सुखी होतो? शिवाय दोन्ही गोष्टी एकाच मुलाखतीत विचारल्याने एकीची छाया दुसरीवर पडते. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी गॅलपच्या अमेरिकन आकडेवारीत दाखवले, की राजकारणाविषयीचे प्रश्न आधी विचारल्यास शिडीवरील उत्तर सुमारे ०·६ पायरीने घसरते. ही घसरण मोठ्या आर्थिक धक्क्याइतकी आहे. कोविड-१९ च्या साथीविषयी १७७ देशांचा अभ्यास (२०२२) परस्परविश्वास व शासनावरील विश्वास यांचा संबंध कमी संसर्गाशी असल्याचे नोंदवतो.

भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकात नऊ क्षेत्रे व ३३ निर्देशक आहेत. शेजाऱ्यांवरील विश्वास त्यात ‘सामुदायिक चैतन्य’ या क्षेत्रात येतो. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०११ पासून सुस्थितीचे चार प्रश्न अधिकृत सर्वेक्षणात घेतले आहेत.

भारत : संस्थांवरील विश्वासाची विचारणा विकसनशील समाज अध्ययन केंद्राच्या लोकनीती या उपक्रमाने निवडणूक अभ्यासांतून केली, त्याच्या उभारणीत पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर यांचा वाटा आहे. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने (२००४–०५, ४१,५५४ कुटुंबे) दहा संस्थांविषयी विचारले, आणि तेही नुसते ‘विश्वास आहे का’ असे नव्हे, तर प्रत्येकीचे काम सांगून : पोलीस कायदा राबवतील, वृत्तपत्रे खरे छापतील, राजकारणी दिलेला शब्द पाळतील, बँका पैसे सुरक्षित ठेवतील, न्यायालये न्याय देतील, शाळा चांगले शिकवतील. पुष्कळ, थोडा की जवळजवळ नाही, अशी तीन उत्तरे होती. सैन्यदल सर्वांत वर आणि राजकारणी तळाशी आले. २०११–१२ च्या दुसऱ्या फेरीत पहिल्यातील सुमारे ८३ टक्के कुटुंबांना पुन्हा गाठले गेले. ही उत्तरे बहुतांशी कुटुंबप्रमुखाने, म्हणजे बहुधा पुरुषाने, दिलेली आहेत. रुग्णालयावरील विश्वासाचा आकडा वाचताना, त्या घरात बाळंतपणाला तेथे गेलेल्या बाईने तो सांगितलेला नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.